दोन्ही हातांनी घेतलेला तांबुआ

फिजीतल्या वाइनिबुली गावच्या शाळेचा ट्रॅक्टर एकोणीस वर्षं अपोरोसीने चालवला, पण गावात त्याला ट्रॅक्टरवाला असं कुणी म्हटलं नाही. त्याच्या घराण्याकडे गावाच्या वतीने बोलण्याचा मान होता. गावप्रमुख स्वतः तोंड उघडत नसे. पाहुणे आले, सोयरीक ठरली, मयत झालं, तंटा मिटवायचा झाला, की चटईवर पुढे सरकून बोलायचं ते अपोरोसीने. आधी त्याचे वडील बोलत, त्यांच्याआधी आजा. थोरला भाऊ इलाइतिया जिभेने जरा अडखळत असे, म्हणून मान धाकट्याकडे आला. इलाइतियाने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. बोलणं धाकट्याकडे गेलं तरी घरातली पेटी मात्र त्याने स्वतःकडे ठेवली.

त्या पेटीत एक तांबुआ होता. तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात, काथ्याच्या वेणीत ओवलेला, तेल लावून लावून मधासारखा पिवळा पडलेला. ढीगभर चटया आणि पिंपभर तेल देऊन जे काम होत नाही ते एका तांबुआने होतं. तो समोर धरून जे मागायचं ते मागावं. समोरच्याने तो हातात घेतला, की मागणं मान्य झालं. मान्य नसेल तर त्याने तिथल्या तिथे तो परत द्यावा. त्यात कुणाचा अपमान होत नाही. वाइनिबुलीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं.

पेटीतला तांबुआ अपोरोसीच्या आईचा होता. लग्नात तिच्याबरोबर आलेला. ती गेली की तिच्या माहेरच्या माणसांपुढे तो ठेवायचा आणि म्हणायचं, तुमची लेक आम्ही नीट सांभाळली. हे सगळं ठरलेलं होतं.

अपोरोसीची बायको माकेरेता मुलगी नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर त्याच्या जिवाला एकच गोष्ट होती, ती मुलगी, सेरेइमा. सेरेइमा पळायची. नदीकाठच्या चिखलात, ट्रॅक्टरच्या मागे, चर्चच्या आवारात, जिथे जागा मिळेल तिथे. तेराव्या वर्षी ती शाळेच्या मुलींच्या रग्बी संघात आली आणि पंधराव्या वर्षी तिला पकडू शकेल अशी मुलगी साऱ्या जिल्ह्यात नव्हती. शाळेच्या प्रशिक्षक मिस लितिया राजधानीतून, सुव्याहून आलेल्या, तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. २००५च्या डिसेंबरात त्या अपोरोसीच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"मामा, मे महिन्यात आपला संघ जपानला चाललाय. पंधरा दिवस. तिथे एक शाळा आहे, दरवर्षी बाहेरच्या दोन मुली घेते. राहणं, जेवण, शिक्षण, तीन वर्षं सगळं त्यांचं. सामन्यात बघतात आणि निवडतात."

"आणि तीन वर्षांनी?"

"पुढे कॉलेज. पुढे कंपनीचे संघ. मामा, ही पोरगी इथे राहिली तर दोन वर्षांत लग्न होईल आणि कसावा सोलत बसेल."

मुलींबरोबर गावातलं एखादं वडीलधारं माणूस जावं असं पालकांचं म्हणणं पडलं आणि अर्थातच सगळ्यांनी अपोरोसीचं नाव घेतलं. त्या रात्री तो इलाइतियाकडे तांबुआ मागायला गेला.

"तो आईचा आहे," इलाइतिया म्हणाला.

"माहीत आहे मला."

"सामने खेळायला चाललात ना? मग खेळा. चांगली खेळली तर घेतील. त्यात तांबुआ कशाला मध्ये?"

कोपऱ्यात म्हातारी चटई विणत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"दे त्याला," ती म्हणाली. "माझं मरण काही उद्या नाही. नातीसाठी चाललाय ना तो? माझ्या माहेरचे समजून घेतील."

"आई, नाही समजून घेणार," इलाइतिया म्हणाला, आणि पेटीची किल्ली काढून भावापुढे ठेवली. पेटी उघडायला मात्र तो उठला नाही.

देवमाशाचा दात देशाबाहेर न्यायचा तर सरकारी परवाना लागतो. त्यासाठी अपोरोसी सुव्याला दोन खेपा घालून आला. गावातला त्याचा तवाले वाइसाले, म्हणजे आतेभाऊ, ज्याने आयुष्यभर त्याची थट्टाच करायची असा रिवाज, तो बैठकीत यांगोनाच्या मुळीचं पेय पिता पिता म्हणाला, "जपानी लोक देवमासा खातात म्हणे, तवाले. दात बघून विचारतील, बाकीचा मासा कुठाय?"

सगळे हसले. अपोरोसीही हसला.

संघ जपानला पोचला तो सोमवार होता. मंगळवारी त्या शाळेशी सामना होता. मैदान कडक मातीचं होतं, पोरी मऊ गवतावर वाढलेल्या. सेरेइमा पाचव्या मिनिटाला वळली आणि तिचा घोटा मुरगळला. ती बाहेर येऊन बसली ती सामना संपेपर्यंत. चेंडू तिच्या हातात एकदाच आला होता. खांबाजवळ वही घेऊन बसलेल्या दोन माणसांनी त्या पाच मिनिटांत वहीत काय लिहिलं असेल ते अपोरोसीला लांबूनही कळलं. काहीही नाही.

संध्याकाळी मिस लितियाच म्हणाल्या, "आता नशीब, मामा. दुसऱ्या संघांतल्या पोरी बघितल्यात त्यांनी."

"गुरुवारी शाळेला भेट द्यायची आहे ना?"

"ते आपलं औपचारिक. गाणी, जेवण, फोटो."

"मुख्याध्यापक असतील?"

मिस लितियांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बॅगेत काय आहे ते त्यांना माहीत होतं. "असतील," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

गुरुवार, १८ मे २००६. सकाळी साडेनऊला संघ शाळेत पोचला. दारातच बूट काढून सपाता घालायच्या होत्या. सपाता इतक्या लहान की पोरींच्या टाचा अर्ध्या बाहेर राहत आणि चालताना फटक फटक वाजत. त्या हसून हसून एकमेकींवर कोसळत होत्या. अपोरोसीला एकही सपात होईना. तो मोज्यांवरच चालला. आपल्या गावीही चटईवर पाय ठेवायचा तर चपला बाहेरच राहतात, हे बघून त्याला बरं वाटलं. ही माणसं आपल्यासारखीच आहेत असा विचार त्याच्या मनात आला, आणि पुढे बारा वर्षं त्याला त्या विचाराची लाज वाटत राहिली. त्यांना न समजून घेण्याची सुरुवात तिथूनच झाली होती.

मुलं जमिनीवर गुडघे टेकून ओल्या फडक्याने व्हरांडा पुसत होती. शिपाई कुणी दिसला नाही. एक मुलगा अपोरोसीला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभा राहिला आणि कमरेत वाकला.

व्हरांड्याच्या टोकाला एक तरुण बाई त्याची वाट बघत होत्या. हागिवारा त्यांचं नाव, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. तिशीच्या असतील. हातात छोटी निळी वही आणि बारीक शिसपेन्सिल. वहीत त्या दिवसाचं प्रत्येक मिनिट लिहिलेलं होतं. कोण कुठल्या दारातून येणार, कोण कुठे उभं राहणार, मुलं गाणं कधी म्हणणार. अपोरोसीला शाळेत शिकलेलं इंग्रजी बोलता येत होतं, पण त्या हळू आणि सावकाश बोलल्या, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं.

"तुम्ही आमच्या मुख्याध्यापकांना काही पवित्र वस्तू देणार आहात असं मिस लितियांनी सांगितलं. माफ करा, पण आमच्याकडून चूक व्हायला नको म्हणून विचारते. ती कुठल्या हाताने घ्यायची?"

"दोन्ही हातांनी."

त्यांनी लिहिलं. "उभं राहून की बसून?"

"बसून. मी जमिनीवर बसेन. त्यांनीही बसावं."

त्यांनी लिहिलं. "घेतल्यावर काही म्हणायचं असतं?"

"डोकं लववलं तरी पुरे."

"आणि नंतर? त्यांना आणखी काही करावं लागतं का? ती वस्तू घेतल्यावर?"

आता बोलायचं ते वाक्य अपोरोसीला पाठ होतं. वडिलांनी त्याला ते अकराव्या वर्षी शिकवलं होतं, आणि अनोळखी मुलखातल्या माणसापुढे तांबुआ ठेवताना ते आधी सांगायचंच असतं. मी जे मागणार आहे ते तुम्हाला देता येत नसेल तर हा माझ्या हातात परत ठेवा, मी रागावणार नाही. एवढंच वाक्य. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं.

मग त्याला मंगळवारचे ते दोन वहीवाले आठवले. आणि त्याने व्हरांड्याच्या पलीकडे पाहिलं, तर मुलींच्या रांगेशेजारी खुर्चीवर बसून सेरेइमा पट्टी बांधलेला पाय पुढे ताणून शेजारणीला कोपर मारत होती.

मुख्याध्यापक देणगी परत करणार नाहीत, हे त्याने सपाता आणि वाकणं बघूनच ओळखलं होतं. हातात घेतलेली वस्तू पाहुण्याच्या तोंडावर परत करणं या लोकांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. घेतील. एकदा घेतलं की झालं. मग मागणं कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही.

"नाही," अपोरोसी म्हणाला. "त्यांना काही करावं लागत नाही."

हागिवाराबाईंनी तेही लिहून घेतलं, आणि मोठ्या सुटकेने हसल्या.

मोठ्या सभागृहात साडेचारशे मुलं बसली होती. त्यांनी फिजीचं एक गाणं पाठ केलं होतं, अर्थ न कळता, अक्षर अक्षर धरून. ते ऐकून पोरींपैकी दोघी रडल्या. मग मुख्याध्यापक कुवाबारा आले. साठीचे, बारीक, केस पांढरे, कोटाची बटणं सगळी लावलेली. अपोरोसी जमिनीवर मांडी घालून बसला, तसे तेही समोर गुडघ्यांवर बसले. त्याने तांबुआ दोन्ही हातांत धरला आणि बोलायला सुरुवात केली.

तसं तो आयुष्यात पुन्हा बोलला नाही. आईचं नाव घेतलं, तिच्या माहेरच्या नदीचं नाव घेतलं, मेलेल्या बायकोचं घेतलं. शेवटी म्हणाला, हा आमच्या घराचा जीव आहे, आणि याच्याबरोबर मी माझ्या मुलीसाठी तुमच्या छपराखाली जागा मागतो. मिस लितियांनी ते इंग्रजीत केलं. हागिवाराबाईंनी जपानीत केलं. एकही शब्द गाळला नाही. मुलीसाठी जागा मागतो, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाने ऐकलं.

कुवाबारासाहेबांनी तांबुआ दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत उचलला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"ते म्हणतात," हागिवाराबाईंनी सांगितलं, "एका वडिलांचं मन आमच्यापर्यंत पोचलं."

बसमध्ये मिस लितिया अपोरोसीच्या शेजारी येऊन बसल्या. "मामा, ते 'हो' म्हणाले नाहीत हं. प्रवेशाचं मंडळ असतं इथे. त्यांच्या एकट्याच्या हातात नसतं."

"हातात घेतला की नाही?"

"घेतला."

"मग झालं."

"त्यांना याचा अर्थ माहीत होता का?"

अपोरोसी खिडकीबाहेर बघत राहिला. मिस लितियांनीही पुन्हा विचारलं नाही. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा संघ आणायचा होता.

गावात परतल्यावर त्याने चटईवर बसून सांगितलं, तांबुआ घेतला. लोकांनी हातांच्या ओंजळी करून टाळ्या दिल्या. म्हातारी हसली. इलाइतियाने विचारलं, "त्यांना रिवाज सांगितलास ना?"

"सगळं विचारून घेतलं त्यांनी. वहीत लिहून घेतलं," अपोरोसी म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

जुलैत शाळेकडून पार्सल आलं. लाखेचं एक काळं गोल तबक, आभाराचं पत्र आणि एक फोटो. शाळेच्या दारातल्या काचेच्या कपाटात, चषकांच्या मधोमध, मखमलीवर तांबुआ ठेवला होता.

"दात गेला, ताट आलं," वाइसाले म्हणाला. "तवाले, आता या ताटात पोरगी कधी वाढून पाठवायची ते विचार."

सप्टेंबरात सुव्याच्या एका शाळेतल्या बाई बसने आल्या. वसतिगृह, शिक्षण, रग्बीचं प्रशिक्षण, सगळं देत होत्या, जानेवारीपासून. अपोरोसीने त्यांना भरल्या घरात मान देऊन बसवलं, नारळाच्या दुधातली भाजी वाढली आणि सांगितलं, "माझा शब्द दुसरीकडे गुंतलाय, बाई." सेरेइमा दाराआड उभी होती.

"ताता, दोन्हीकडे हो म्हणून ठेव की," बाई गेल्यावर ती म्हणाली. "जपानचं आलं तर मी जाईन."

"आलं तर म्हणजे? तांबुआ घेतल्यावर 'आलं तर' नसतं."

जपानात शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. फेब्रुवारीत त्याने सेरेइमाची पेटी भरून ठेवली. नवी चप्पल, माकेरेताची शाल, थंडीचे मोजे. मार्च गेला. एप्रिल गेला. मिस लितिया म्हणाल्या, "मामा, मी फोन लावते, नुसतं विचारते."

"नको. विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर संशय घेणं."

तो असं म्हणाला खरा. पण फोन लागला असता तर पलीकडून काय उत्तर येणार आहे, आणि त्यानंतर कुठला प्रश्न निघणार आहे, हे तो जाणून होता. मे महिन्यात कळलं, त्या वर्षीच्या दोन मुली टोंगाच्या होत्या.

मग गावाने निकाल लावला. जपानी लोक शब्दाचे कच्चे. तांबुआ हातात घेऊन गिळून बसले. यांगोनाच्या प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी कुवाबाराचं नाव काढी आणि थुंके. पोरं खेळताना कुणी चिंचोके परत दिले नाहीत की त्याला 'कुवाबारा' म्हणू लागली. अपोरोसी ऐके. इतकं बोलता येणारा माणूस, पण त्या नावाच्या बाजूने त्याने कधी एक अवाक्षर काढलं नाही.

२००८च्या ऑगस्टात म्हातारी गेली. तिच्या माहेरची माणसं नदी चढून आली, चाळीस-एक जण, आणि मांडवात बसली. त्यांच्यापुढे तिचा तांबुआ ठेवायचा होता. इलाइतियाने वाइसालेच्या घरून एक लहानसा, तडा गेलेला मागून आणला होता. पुढे सरकून बोलायचं काम अपोरोसीचं, पण इलाइतियाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला मागे बसवलं आणि स्वतः बोलला. अडखळला. दोनदा थांबला. पलीकडच्या म्हाताऱ्याने तो तडा गेलेला तांबुआ घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आम्ही पाठवला होता तो मोठा होता." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून इलाइतिया आणि अपोरोसी एका घरात जेवले नाहीत.

सेरेइमा सतराव्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कपडे धुण्याच्या खात्यात लागली. चादरी वाळवायच्या, इस्त्रीच्या मोठ्या यंत्रातून काढायच्या, चौघडी करून रचायच्या. घोटा बरा झाला होता, पण ती पुन्हा खेळली नाही. नाताळला गावी येई. बापाशी नीट बोले, विचारपूस करी, आणि तिसऱ्या दिवशी परत जाई. एकदा तिने एवढंच म्हटलं, "आमच्या हॉटेलात जपानी येतात. चांगले असतात गं सगळे. त्यांच्यातला हाच एक असा कसा निघाला कोण जाणे." हे ती चुलतीला म्हणाली. अपोरोसी शेजारीच दालोचे कंद सोलत होता. त्याने पुढचा कंद सोलायला घेतला.

२०१८च्या सप्टेंबरात मिस लितियांचा निरोप आला. त्या शाळेतल्या हागिवाराबाई वाइनिबुलीला येत आहेत, तांबुआ घेऊन. परवान्याच्या कागदांना आठ महिने लागले होते. गावात आनंदाला उधाण आलं. डुकरं कापली, भट्टी लावली, चटया पसरल्या. सेरेइमाने रजा काढली. तिला वाटत होतं, बाई माफी मागायला येताहेत, आणि ती ऐकायला आपण तिथे असावं.

"तवाले, बारा वर्षांनी दात आला!" वाइसाले ओरडला. "आमच्या नातवाला बारा महिन्यांतच आला होता."

इलाइतिया हसला नाही. परत आलेला तांबुआ म्हणजे नकार, हे त्या आनंदात दोघांनाच आठवत होतं, आणि ते दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते.

हागिवाराबाई आता बेचाळीस वर्षांच्या. केसांत पांढरी बट. चटईवर गुडघे मुडपून बसल्या. सेरेइमाने हॉटेलात शिकलेल्या चार जपानी शब्दांनी त्यांचं स्वागत केलं तेव्हा त्यांनी तिला ओळखलं, आणि तिच्या घोट्याकडे पाहिलं.

त्यांनी तांबुआ पुढ्यात ठेवला आणि पत्र काढलं. कुवाबारासाहेब हिवाळ्यात वारले. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा मार्चमध्ये बंद झाली. पत्र साहेबांनी मरणाआधीच लिहून ठेवलं होतं. बाई इंग्रजीतून वाचत गेल्या, मिस लितिया गावाच्या भाषेत सांगत गेल्या.

साहेबांनी लिहिलं होतं: त्या दिवशी मला आदर मिळाला असं मी समजलो. मुलीचं मागणं मी मंडळापुढे ठेवलं, पण मंडळाने खेळ पाहूनच निवड केली. पाच वर्षांनी तुमच्या देशाचा एक पाद्री शाळेत आला, कपाटापुढे थांबला, आणि मी काय घेतलं होतं ते त्याने मला सांगितलं. तोवर तुमची मुलगी वीस वर्षांची झाली होती. तेव्हाच परत पाठवायला हवं होतं, पण परत पाठवणं म्हणजे दुसऱ्यांदा नाही म्हणणं, तेवढं धैर्य मला झालं नाही. मी त्या दारातून जाणं सोडलं, मागच्या दाराने शाळेत जाऊ लागलो. देता येत नसेल तर परत करता येतं हे त्या दिवशी मला माहीत असतं, तर मी तिथेच परत केलं असतं. मुलीची क्षमा मागतो.

मग हागिवाराबाई पत्राची घडी करत स्वतःच म्हणाल्या, "दोष माझा आहे. साहेबांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, तू नीट विचारून घेतलं होतंस ना? मी नक्कीच चुकीचं ऐकलं असणार. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं." त्यांनी पिशवीतून निळी वही काढली. तेच पान, पेन्सिलीची अक्षरं पुसट झालेली. "मी विचारलं, त्यांना आणखी काही करावं लागतं का. आणि इथे उत्तर लिहिलंय, नाही."

मिस लितियांनी हे गावाच्या भाषेत केलं नाही. त्या खाली बघत बसल्या. पण सेरेइमाला हॉटेलातलं इंग्रजी चांगलं येत होतं.

"ताता," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं?"

साऱ्या गावाच्या वतीने पन्नास वर्षं बोललेल्या माणसाने वहीच्या पानाकडे पाहिलं.

"ताता, यांनी चुकीचं ऐकलं का?"

"नाही," अपोरोसी म्हणाला. "बरोबर ऐकलं."

"तू सांगितलं नाहीस."

"त्यांनी परत केला असता, सेरा. तिथेच परत केला असता."

"मग मी सुव्याला गेले असते," सेरेइमा म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा वाइसालेला थट्टा सुचली नाही. मागे बसलेल्या पोरांपैकी एकाने कुजबुजून विचारलं, म्हणजे कुवाबारा चोर नव्हता का, आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली.

तांबुआ चटईवर तसाच पडून होता. हागिवाराबाई अवघडून कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होत्या. आपण काहीतरी बोलून गेलो एवढंच त्यांना कळलं होतं.

"उचल," इलाइतिया म्हणाला. दहा वर्षांत धाकट्या भावाला तो पहिला शब्द होता. "नकार आलाय. नकार दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. तो रिवाज तरी पाळ."

अपोरोसी चटईवरून पुढे सरकला. त्याने दोन्ही हातांनी तांबुआ घेतला. बोलायचं असतं ते काही बोलला नाही. टाळ्या कुणी दिल्या नाहीत. इलाइतियाने हात पुढे केला, तांबुआ घेतला, आणि काथ्याची वेणी तपासून पाहिली. ती जपानात कुणीतरी नवी करून घातली होती, फार नीट.

"हा उद्या आईच्या माहेरी जाईल," तो म्हणाला. "मी घेऊन जाईन."

पाहुण्यांना जेवायला घालायचं होतं. सेरेइमाने हागिवाराबाईंना हाताला धरून उठवलं, त्यांच्या ताटात निवडून निवडून वाढलं, आणि वही बघायला मागितली. तिने ते पान वरपासून वाचलं. अकरा वाजता गाणं. अकरा दहाला वडील बोलतील. त्याच्या वर, समासात लिहिलं होतं: जखमी मुलीसाठी खुर्ची, उशीसह, खिडकीपाशी. "ही उशी मला आठवते," ती म्हणाली. "निळी होती." आणि वही तिने बाईंना परत केली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसला अपोरोसी तिची पिशवी घेऊन निघाला. तिने ती त्याच्या हातातून घेतली, रागाने नव्हे, हॉटेलातल्या पाहुण्याच्या हातून घ्यावी तशी.

"पेटी भरली होतीस माझी," बस दिसली तेव्हा ती म्हणाली. "मोजेसुद्धा घातले होतेस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"वाटत होतं, लाजेखातर तरी बोलावतील."

"त्यांना लाज होती, ताता," सेरेइमा म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

त्या नाताळला ती आली नाही. जानेवारीत गावप्रमुखांकडे पाहुणे आले तेव्हा अपोरोसीला बोलावणं गेलं. तो ट्रॅक्टरच्या पडवीत बसून होता. ट्रॅक्टर आता दुसराच कुणी चालवतो. तो म्हणाला, वाइसालेला घेऊन जा. आणि ते घेऊन गेले, दुसऱ्यांदा कुणी विचारायला आलं नाही.